घरीं आलेला कुत्रा
(नभोवाणीवरील भाषण)



रस्त्यावरून उचलून प्राण्यांच्या निवाऱ्यांत ठेवलेला कुत्रा घरीं आणावा, असें हल्लीं पुष्कळ कुटुंबांना वाटूं लागलें आहे. विचार स्तुत्य आहे. परंतु कुत्रा दारांतून आंत आला म्हणजे तो घरचा झाला, ही आपली समजूत चुकीची आहे. आणि तिच्यापायीं कधीं कधीं असा कुत्रा आठ-पंधरा दिवसांतच परत पाठविला जातो. आमच्याकडेही तसें होतां होतां राहिलें. तीच हकीकत आज सांगतों.

आमच्या तांबूला आणलें त्या दिवशीं मुलांनीं घराला लग्नघराची कळा आणली होती. नवा पट्टा, नवी थाळी, शेजारचीं पांच-सहा मुलें आणि प्रत्येकाचा हात त्याच्या डोक्यावर! तो बिचारा जो दिवाणाखालीं शिरला, तो दोन दिवस तेथून हलला नाहीं. अन्नाला तर शिवलाच नाहीं. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तो भीत भीत थाळीपाशीं आला. धाकट्यानें आनंदानें धांवत जाऊन मिठी मारली, आणि तांबू दांत दाखवून गुरगुरला.

आई म्हणाली, "उद्यां सकाळीं नेऊन पोंचव त्याला. घरांत लहान मूल आहे." तिचें म्हणणें खोडून काढण्यासारखें नव्हतें.

रात्रीं एका पशुवैद्य स्नेह्यांना विचारलें. त्यांनीं उलट मलाच प्रश्न केला : "तुम्हांला परक्या मुलखांत, भाषा न कळणाऱ्या माणसांत नेऊन सोडलें, आणि जेवतांना कोणीं मागून येऊन मिठी मारली, तर तुम्ही काय कराल?" मी निरुत्तर झालों.

गुरगुरणें हा कुत्र्याचा उद्धटपणा नव्हे. ती पूर्वसूचना होय. तिच्याबद्दल त्याला मारलें, तर भीति तशीच राहते; नाहींशी होते ती फक्त सूचना, आणि मग तो न सांगतां चावतो. म्हणून तो गुरगुरतांच आपण मागें सरावें. खातांना व झोपतांना कुत्र्याजवळ जावयाचें नाहीं, हा धडा आधीं मुलांना द्यावा. आणि लहान मूल व नवा कुत्रा ह्यांना एकटें सोडून मोठ्या माणसानें खोलीबाहेर जाऊं नये. अलर्काची लस टोंचून घेणें तर पहिल्याच आठवड्याचें काम. तरीही दांत लागलाच, तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

दुसऱ्या दिवसापासून आमची रीत बदलली. एका कोपऱ्यांत जुनी सतरंजी व पाण्याचें भांडें ठेवलें. तो कोपरा त्याचा, तेथें कोणीं जावयाचें नाहीं. जेवण ठरल्या वेळीं, फिरणें ठरल्या वेळीं. निवाऱ्यांतलेंच अन्न चालूं ठेवून आठवडाभरांत त्यांत घरचें थोडें थोडें मिसळलें. कांदा, द्राक्षें, मनुका व चॉकलेट मात्र कटाक्षानें वर्ज्य, कारण तीं कुत्र्याला विषारी आहेत. बाहेर नेतांना साखळी क्षणभरही सोडली नाहीं, आणि पट्ट्याला फोनचा आंकडा कोरलेला बिल्ला अडकविला. बावरलेला कुत्रा निसटला, तर नवें घर त्याला सांपडत नाहीं. सर्वांत तो भिई कुकरच्या शिटीला. म्हणून स्वयंपाकघराचें दार लावून, शिटी होतांच दूरच्या खोलींत त्याच्यापुढें भाकरीचा तुकडा टाकण्याचा परिपाठ ठेवला.

घरांत घाण केली, तर मागाहून रागावण्यांत अर्थ नसतो. "पाहा, कसा अपराधी चेहरा केला आहे!" असें आपण म्हणतों. न्यूयॉर्कच्या बार्नार्ड कॉलेजांतील अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्या विदुषींनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आढळलें तें निराळेंच : तो चेहरा कुत्र्याच्या कृत्यावर नव्हे, तर मालकाच्या रागावण्यावर अवलंबून असतो. त्यापेक्षां उठल्यावर व खाल्ल्यावर लगेच बाहेर न्यावें, आणि योग्य जागीं विधि उरकतांच शाबासकी द्यावी.

हें सर्व सोपें आहे; कठीण आहे तें वाट पाहणें. आपण दया केली, तेव्हां त्यानें प्रेम करावें, असा आपला हिशेब असतो. कुत्र्याला हा हिशेब ठाऊक नसतो. रोज तेंच घडतें, आणि त्यांत आपल्याला इजा होत नाहीं, एवढेंच तो मोजीत असतो. ह्या मोजणीला आठवडे लागतात, क्वचित् महिनेही.

आमच्या घरीं सात आठवडे लागले. एका दुपारीं आई पोथी वाचीत बसली होती. तांबू आपल्या कोपऱ्यांतून उठला, थबकत थबकत आला, आणि तिच्या पायांपाशीं हनुवटी टेकून निजला. आईनें पोथींतून मान वर केली नाहीं. ती इतकेंच म्हणाली, "कुकर इतक्यांत लावूं नका रे!"