संगणक हातानं शिकायचा, गुरुजी दूर असले तरी



आपल्या घराघरांतली पोरं आता मोबाईलवर प्रोग्रॅमिंग शिकतात. व्हिडिओ संपला की म्हणतात, "समजलं." पण चार ओळी स्वतः लिहायला सांगा, हात चालत नाही. मग पोरगं म्हणतं, "मला डोकंच नाही," आणि सोडून देतं. मी साचेखात्यातला माणूस. साचा नुसता बघून कोणी विणकर झालेला नाही. धागा तुटतो, साचा थांबतो, आपण गाठ मारतो, तेव्हा काम अंगी येते.

पण शिकविणारा दूर असेल तर काय करावे? दोन उदाहरणे देतो.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२० साली, कोरोनाच्या काळात, 'कोड इन प्लेस' हा मोफत वर्ग घेतला. जगभरातून १०,००० विद्यार्थी आले. व्याख्याने व्हिडिओवर होती; परंतु सुमारे ९०० स्वयंसेवकांनी लहान लहान गट वाटून घेतले आणि मुलांकडून काम करवून घेतले. सुरुवात 'कॅरेल' नावाच्या पडद्यावरच्या यंत्रमानवापासून. त्याला पुढे जाण्याचा, डावीकडे वळण्याचा हुकूम आहे. उजवीकडे वळण्याचा हुकूमच नाही! तीन वेळा डावीकडे वळवले की तो उजवीकडे वळतो, हे विद्यार्थ्याने करून पाहायचे.

दुसरे उदाहरण आपल्या पवईचे. आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' मराठीतही आहेत. पाठ छोटे असतात. पडद्यावर एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर. थोडे पाहायचे, थांबवायचे, तेच स्वतः करायचे, मग पुढे जायचे.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. "पाहिलंस का?" असे विचारू नका, "चालवून दाखव" म्हणा. आपल्याला त्यातलं कळत नसलं तरी चाललं की नाही एवढं दिसतंच. चूक आली तर पुसू देऊ नका. पायथॉनमध्ये चूक कितव्या ओळीपाशी अडली ते पडद्यावर येते. ती ओळ, तो संदेश आणि आपल्याला काय व्हायला हवे होते, हे तिन्ही दूरच्या शिक्षकाला जसेच्या तसे कळवावे. "होत नाही" एवढ्यावरून त्याला काही समजत नाही.

घरात संगणक नसेल तर तीन-चार मुलांनी एका संगणकावर पाळीपाळीने बसावे. ज्याला येते त्याने सांगावे, पण कीबोर्ड हिसकावू नये. बोटं शिकणाऱ्याचीच चालली पाहिजेत.

आपल्या पोरांना डोकं आहे. त्यांच्या हाताला काम द्या, एवढेच सांगून मी माझे दोन शब्द संपवितो. जयभीम!