इंजिनाचे पहिले तेल

जोमदार मोटारीचे इंजिन नव्याने बांधून घेतल्यावर त्यात बाजारातील सर्वांत महाग तेल ओतावे, असे मालकाला वाटणे साहजिक आहे. परंतु पहिल्या तेलाचे काम निराळे असते.

१९५५ साली अमेरिकेत निघालेल्या शेव्हरोलेटच्या व्ही-८ इंजिनाचे उदाहरण घ्या. तेथील शौकीन ते अजूनही नव्याने बांधतात. त्याच्या मूळ रचनेत कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर टॅपेट घासत चालतात. तेथील दाबाखाली तेलाचा थर टिकत नाही; धातूला वाचवते ते तेलात मिसळलेले जस्त व फॉस्फरस यांचे संयुग. आधुनिक मोटारींच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेस फॉस्फरस बाधतो, म्हणून आजच्या पातळ तेलांत तो कमी ठेवतात. नव्या मोटारीस जे हितकर, ते या कॅमशाफ्टला अपुरे पडते. उंचवटा झिजला, की धातूचा कीस तेलावाटे बेअरिंगांपर्यंत पोहोचतो आणि सारा खर्च वाया जातो.

शिवाय पिस्टनच्या रिंगा सिलिंडरवर किंचित घासूनच नीट बसतात. म्हणून अनेक जाणते मिस्त्री आरंभी जस्तयुक्त खनिज तेल घालतात. इंजिन सुरू होताच ते मंद न ठेवता सुमारे वीस मिनिटे मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांनी चालवतात. कारण कॅमवर तेल मुख्यतः क्रँकशाफ्टच्या फिरण्याने उडते. त्यानंतर तेल व फिल्टर दोन्ही बदलतात.

तेल निवडताना डब्याची किंमत मागाहून पाहावी. इंजिनाची रचना आधी.