चार मिनिटांचे उड्डाण
(शताब्दी महोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



अमेरिकेच्या टेक्सास राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, रिओ ग्रांद नदी समुद्राला मिळते त्या जागी, बोका चिका नावाचा वाळूचा किनारा आहे. २० एप्रिल २०२३ रोजी सकाळी ८ वाजून ३३ मिनिटांनी या किनाऱ्यावरून स्टारशिप नावाचा अजस्र अग्निबाण पहिल्यानेच पूर्ण रूपात आकाशात झेपावला. जवळच्या बेटावर हजारो माणसे पहाटेपासून समुद्राकडे डोळे लावून उभी होती. जगभर घरोघरी लाखो लोक पडद्यापुढे बसले होते. अग्निबाण उठला, काही वेळ सरळ चढला, मग डगमगला, हवेत गिरक्या घेऊ लागला आणि चार मिनिटांच्या आसपास त्याच्या चिंधड्या झाल्या. कॅलिफोर्नियातील स्पेसएक्स कंपनीच्या मुख्यालयात जमलेल्या कर्मचाऱ्यांनी त्या क्षणी टाळ्या वाजवल्या. अनेकांना त्या टाळ्यांचे नवल वाटले, काहींना त्यांचा रागही आला. टाळ्या वाजवणारे शहाणे की नाक मुरडणारे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. त्याचे उत्तर त्या चार मिनिटांत सापडत नाही. पुढच्या महिन्यांत काय केले गेले, तेथे ते शोधावे लागते.

हे धूड केवढे होते, ते आधी पाहू. उंची सुमारे १२० मीटर, व्यास ९ मीटर, इंधन भरल्यावर वजन सुमारे ५,००० टन. माणसाला चंद्रावर नेणारा ‘सॅटर्न ५’ ११० मीटरांचा होता. त्याच्या रेट्याच्या सुमारे दुप्पट रेटा या नव्या अग्निबाणाच्या खालच्या टप्प्यात होता. हा रेटा देण्यासाठी एकाच तळाशी ३३ इंजिने बसवलेली होती. द्रवरूप मिथेन आणि द्रवरूप प्राणवायू हे त्यांचे खाद्य. अंगाचा पत्रा स्टेनलेस स्टीलचा, म्हणजे घरातल्या भांड्यांच्याच जातकुळीचा. दोन्ही टप्पे परत आणून पुन्हा वापरावेत, ही त्यामागची महत्त्वाकांक्षा. आजवर बहुतेक अग्निबाण एकदाच वापरून समुद्रात टाकून द्यावे लागत. एका प्रवासानंतर जहाज बुडवून टाकणाऱ्या व्यापाऱ्याचा हिशेब जसा कधी जुळणार नाही, तसाच हाही हिशेब जुळत नव्हता.

त्या दिवशी ३३ पैकी ३ इंजिने आरंभीच कामास आली नाहीत, आणखी काही वाटेत बंद पडली. परंतु सर्वांत मोठा धडा आकाशात मिळाला नाही, तो जमिनीवर मिळाला. फेब्रुवारी महिन्यात याच मंचावर, अग्निबाण जागीच बांधून ठेवून, ३१ इंजिने सुमारे निम्म्या जोराने पेटवून पाहिली होती. त्या वेळी खालचे काँक्रीट टिकले, म्हणून ते एका उड्डाणापुरते तग धरेल असा अंदाज बांधण्यात आला. ज्वाळा वळवून नेणारा खोल चर तेथे नव्हता. पाण्याने थंड राहणारी पोलादी पाटी घडवली जात होती, पण ती वेळेवर तयार झाली नाही. तिच्यासाठी थांबायचे नाही, असे ठरले. पूर्ण जोराने इंजिने पेटताच काँक्रीट फुटले, मंचाखाली मोठा खड्डा पडला, दगडगोटे समुद्रापर्यंत उडाले आणि सुमारे १० किलोमीटर पलीकडच्या पोर्ट इझाबेल गावावर धुळीचा पाऊस पडला. निम्म्या जोराच्या परीक्षेवरून पूर्ण जोराचा निकाल गृहीत धरला, ही ती चूक. तिच्याहून गंभीर गोष्ट अशी की, भरकटलेला अग्निबाण नष्ट करण्याची आज्ञा सुटल्यानंतरही तो सुमारे ४० सेकंद तुटला नाही. खालच्या माणसांच्या रक्षणाची ही अखेरची तजवीज. तिनेच उशीर केला.

आता जरा मागे वळून पाहणे इष्ट ठरेल, कारण महाकाय अग्निबाणांची ही पहिली कसोटी नव्हे. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी फ्लोरिडातून ‘सॅटर्न ५’ प्रथम उडाला. त्याच वर्षी २७ जानेवारीला, जमिनीवरील सरावात, अपोलो यानाच्या कुपीत आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तीन अंतराळवीर मृत्युमुखी पडले होते. संपूर्ण कार्यक्रमावर त्या मृत्यूंची सावली होती. नासाचे जॉर्ज म्युलर यांनी १९६३ मध्येच एक धाडसी निर्णय घेतला होता: एकेक टप्पा सुटा सुटा उडवून न पाहता पहिल्याच खेपेस सारे टप्पे एकत्र उडवावेत. व्हर्नर फॉन ब्राउन यांच्या चमूला हे प्रथम पचनी पडले नाही. मात्र या धाडसाखाली भक्कम पाया होता. प्रत्येक टप्पा जमिनीवर जखडून पूर्ण पेटवून तपासला जात असे. पहिले उड्डाण निर्विघ्न पार पडले. प्रसिद्ध वार्ताहर वॉल्टर क्रॉंकाइट पाच किलोमीटर दूर असलेल्या खोलीत बसले होते. थरथरणारी खिडकीची काच त्यांना हातांनी धरून ठेवावी लागली आणि छताचे तुकडे खाली पडू लागले. ४ एप्रिल १९६८ च्या दुसऱ्या उड्डाणात मात्र अग्निबाणाला जोराचे हिसके बसले, दुसऱ्या टप्प्याची दोन इंजिने अवेळी बंद पडली, तिसरा टप्पा पुन्हा पेटलाच नाही. त्याच दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्याने ही बातमी मागे पडली. अभियंत्यांनी मात्र ती मागे पडू दिली नाही. प्रत्येक दोषाचे कारण शोधून त्यावर उपाय केला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात तीन माणसे याच जातीच्या अग्निबाणावर बसून चंद्राला प्रदक्षिणा घालून आली.

याच काळात सोव्हिएत रशियात ‘एन १’ नावाचा तेवढाच प्रचंड अग्निबाण उभा राहत होता. त्याच्या पहिल्या टप्प्यात ३० इंजिने होती, परंतु तो टप्पा जमिनीवर पूर्ण पेटवून पाहण्याची सोयच उभारली गेली नाही. त्याचा जनक सर्गेई कोरोल्योव्ह १९६६ च्या जानेवारीतच निवर्तला. फेब्रुवारी १९६९ ते नोव्हेंबर १९७२ या काळात चार उड्डाणे झाली आणि चारही फसली. ३ जुलै १९६९ रोजी तर अग्निबाण उठता उठताच मंचावर कोसळला आणि मंच उद्ध्वस्त झाला. यांतले काहीही सोव्हिएत जनतेला सांगण्यात आले नाही. चंद्रावर माणूस नेण्याच्या शर्यतीत आपण नव्हतोच, असा पवित्रा पुढे वर्षानुवर्षे राहिला. १९७४ मध्ये काम थांबवले गेले, आणि १९८९ च्या सुमारास, मोकळेपणाचे वारे वाहू लागल्यावर, ही कहाणी उजेडात आली. त्या अग्निबाणाच्या टाक्यांचे तुकडे बायकोनूरच्या तळावर शेडची छपरे म्हणून वापरले गेले. तरीही एक गोष्ट वाचली. सुधारित अग्निबाणासाठी घडवलेली इंजिने नष्ट करण्याचा हुकूम असताना निकोलाय कुझनेत्सोव्ह यांच्या कारखान्यात ती गुपचूप जपून ठेवण्यात आली. पुढे १९९० च्या दशकात अमेरिकी कंपनीने त्यांतली काही विकत घेतली आणि २०१३ साली त्यांच्या जोरावर अमेरिकी अग्निबाण उडाला. एका सरकारने जे पुसायला सांगितले, ते एका कारखान्याने जपले, म्हणून ते ज्ञान चाळीस वर्षांनी कामास आले.

या पार्श्वभूमीवर बोका चिकाकडे परत येऊ. अपघातानंतर अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने पुढील उड्डाण रोखून धरले. चौकशी झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये ती संपली, तेव्हा दुरुस्तीच्या ६३ बाबी नोंदल्या गेल्या होत्या. मंचाखाली पाण्याचे फवारे सोडणारी पोलादी पाटी बसली, अग्निबाण नष्ट करण्याची यंत्रणा बदलली. १८ नोव्हेंबर २०२३ रोजी दुसरे उड्डाण झाले. या वेळी ३३ ही इंजिने पेटली आणि मंच शाबूत राहिला. अग्निबाणाचे दोन्ही भाग मात्र पुढे फुटले. मार्च २०२४ मध्ये वरचे यान अवकाशात पोहोचले आणि परतीच्या वाटेवर हिंदी महासागरावर हरवले. जूनमध्ये त्याचा एक पंखा वितळत असताना, आणि ते दृश्य सारे जग पाहत असताना, ते यान सावकाश पाण्यावर उतरले. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी खालचा ७१ मीटरांचा टप्पा उलट फिरून आला आणि ज्या मनोऱ्यापासून उडाला होता, त्याच मनोऱ्याच्या दोन पोलादी बाहूंनी त्याला हवेतच अलगद झेलले. पहिल्या दिवशीच्या टाळ्या त्या दिवशी सार्थ झाल्या, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि येथेच थांबलो, तर न्याय एकतर्फी होईल. २०२३ च्या त्या सकाळी शेजारच्या उद्यानातील साडेतीन एकर गवत जळाले. किनाऱ्यावर दुर्मिळ पक्ष्यांचा आणि समुद्री कासवांचा वावर असतो. पर्यावरणवादी संस्थांनी न्यायालयात धाव घेतली. १६ जानेवारी २०२५ रोजी सातव्या उड्डाणात यान फुटले. त्याचे तुकडे टर्क्स आणि केकोस बेटांच्या परिसरात पडले, प्रवासी विमानांना मार्ग बदलावे लागले. पुढच्याच मार्चमध्ये जवळजवळ तीच कथा पुन्हा घडली. अभियंता अपयशातून शिकतो, हे खरे; पण ज्याच्या छपरावर धूळ पडते, त्या गावकऱ्याने त्या शिक्षणासाठी नाव नोंदवलेले नसते. चाचणी या शब्दाने जोखीम पत्करण्याची मुभा मिळते, ती फक्त स्वतःच्या जोखमीपुरती. दुसऱ्याच्या वाट्याला येणाऱ्या जोखमीचा हिशेब आधीच मांडावा लागतो. काँक्रीट टिकेल असा अंदाज करताना तो हिशेब अपुरा पडला, ही नोंदही त्या झेललेल्या टप्प्याच्या नोंदीशेजारीच राहिली पाहिजे.

तात्पर्य, अग्निबाणाची कसोटी तो आकाशात नाहीसा झाला म्हणजे संपत नाही. काय मोडले, का मोडले, कोणाला इजा पोहोचली, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवणारे आणि ते वाचणारे असतील, तर फसलेले उड्डाणही पुढच्याच्या उपयोगी पडते. लिहिणेच बंद झाले, तर चार उड्डाणांची किंमत मोजूनही पदरी गंजलेली छपरे उरतात. शंभर वर्षे कागद जपणाऱ्या या वास्तूत हे अधिक फोड करून सांगण्याचे कारण नाही. या कपाटांत यशाच्या गाथा पुष्कळ आहेत. चुकांच्या नोंदींनाही त्यांच्या शेजारी जागा मिळावी आणि त्या उघडून वाचणारे सभासद या ग्रंथालयाला पुढील शंभर वर्षे लाभावेत, एवढीच सदिच्छा.