शाळेचे सभागृह आणि संध्याकाळचे नाटक
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



मघाशी एका पालकांनी मला विचारले, "सर, नाटकाच्या नादाने मुलाचे मार्क कमी होणार नाहीत ना?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याऐवजी मी तुम्हांला एका शाळेची हकीकत सांगतो.

दादर स्टेशनाच्या पश्चिमेला छबिलदास मुलांची शाळा आहे. त्या गल्लीतला बटाटेवडा तुमच्यापैकी अनेकांनी खाल्ला असेल. या शाळेत सुलभा देशपांडे नावाच्या शिक्षिका होत्या. मुलांसाठी चांगले नाटक हवे म्हणून त्यांनी विजय तेंडुलकरांना गाठले आणि मुलांसाठी लिहा म्हणून गळ घातली. पुढे 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात १९६७ साली बेणारेबाईंची भूमिका करून ज्या नावाजल्या, त्या याच बाई. लक्षात घ्या, आरंभ वर्गातल्या मुलांपासून झाला.

१९७१ मध्ये अरविंद देशपांडे, सुलभाताई आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' ही संस्था काढली. पहिले नाटक गिरीश कार्नाडांचे 'तुघलक', मराठी रूप तेंडुलकरांचे. नाटक मोठे होते. पण दरवेळी मोठे थिएटर भाड्याने घ्यायचे तर नव्या लेखकाला वाव कसा मिळणार? तिकीट खपेल की नाही, ही धास्ती आधी. ही अडचण एका शाळेने सोडवली. १९७४ पासून छबिलदासच्या सभागृहात संध्याकाळी प्रयोग होऊ लागले.

ते सभागृह पाहिलेल्यांना ठाऊक आहे की ते थिएटर नव्हतेच. एक लांबट दालन. मखमली पडदा नाही, गुबगुबीत खुर्च्या नाहीत. पण त्यामुळेच नट कुठेही उभा राहू शकत होता आणि प्रेक्षक त्याच्या हाताच्या अंतरावर बसत होता. बादल सरकारांचे 'जुलूस' अमोल पालेकरांनी केले, ते अशा मोकळ्या जागेसाठीच जणू लिहिलेले. सत्यदेव दुबे बिलासपूरचे; तेही या चळवळीतले. मराठी-हिंदी असा भेद तिथे फारसा कुणी केला नाही. 'छबिलदास' हे शाळेचे नाव पुढे एका नाट्यचळवळीचेच नाव झाले. मुलांसाठी सुलभाताईंनी 'चंद्रशाला' हा वेगळा विभागही चालवला. मला स्वतःला त्याचे अप्रूप अधिक वाटते. मोठ्यांची नाटके कुणी ना कुणी करतोच.

अरविंदराव १९८७ मध्ये गेले. १९९२ च्या सुमारास छबिलदासमधला हा अध्याय संपला. आविष्कार माहीमला गेली आणि तिथेही तिला आसरा दिला तो महापालिकेच्या शाळेनेच. सुलभाताई २०१६ मध्ये आणि काकडेकाका २०१९ मध्ये निवर्तले. काकडेकाका जन्मभर संस्थेचा हिशेब, खुर्च्या, तिकिटे सांभाळत राहिले. असा एक माणूस नसेल तर नुसत्या प्रतिभेने प्रयोग उभा राहत नाही.

आता त्या पालकांच्या प्रश्नाकडे येतो. मार्क कमी होतात ते तालमीला वेळेचे बंधन नसते म्हणून. रात्री अकरापर्यंत मुलाला अडकवून ठेवले तर अभ्यास बुडणारच, आणि त्यात दोष आम्हां शिक्षकांचा. पण पाठांतर, स्पष्ट उच्चार, दुसऱ्याचे वाक्य संपेपर्यंत गप्प राहणे, हे नाटकात जेवढे अंगी मुरते तेवढे माझ्या व्याकरणाच्या तासाला मुरत नाही. मुलींच्या बाबतीत घरून काळजी असते, तीही मी समजतो. त्यांच्या तालमी दिवसाउजेडी घ्याव्यात आणि आयांनी खुशाल येऊन बसावे.

मी पूर्वी ज्या शाळेत होतो तिथे सभागृह मागितले की "फरशी खराब होते" असे उत्तर मिळे. अकरा वर्षे फरशी चकचकीत राहिली. आपलेही सभागृह साडेपाचला कुलूपबंद होते. कार्यकारी मंडळाला माझी विनंती आहे: परीक्षेचे महिने वगळून आठवड्यातून दोन संध्याकाळी, सात वाजेपर्यंत, ते उघडे ठेवावे. किल्ली माझ्याकडे द्यावी. झाडलोट मुले आणि मी करू. पालकांपैकी कुणाला सुतारकाम किंवा दिव्यांच्या वायरिंगचे काम येत असेल, त्यांनी आज जाण्यापूर्वी माझ्याकडे नाव द्यावे.