लहानपणचे वळण आणि आपले घर
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'बालसंस्कार'. संस्कार हा शब्द जरा जड आहे, सोळा संस्कारांची आठवण करून देणारा. मी आपला साधा शब्द घेतो, वळण. आया म्हणतात ना, "पोराला काही वळण आहे का नाही?" तेच.

वळण म्हणजे काय ते गिरणगावाला भोंग्याने शिकवले. पहिली पाळी सातची, दुसरी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. त्यावर घरातला चहा, नळाचे पाणी, पोरांची झोप सगळे ठरायचे. १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, भोंगे गेले. तरी चाळीतले कितीतरी म्हातारे कामगार पाळीच्या वेळेलाच उठून बसत. जायचे कुठे नाही, पण डबा कुठाय म्हणून विचारत! मालकाने लावलेले वळण हाडात एवढे मुरते, तर घरात लावलेले का मुरणार नाही? फक्त ते तोंडाने सांगून लागत नाही.

सुभेदार रामजी आंबेडकर साताऱ्याहून मुंबईला आले तेव्हा परळच्या डबक चाळीत त्यांची एकच खोली. त्यातच चूल, त्यातच भांडी, सरपण, जाते. सुभेदार काय करीत? भीमरावाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवून अभ्यासाला बसवीत आणि नंतर आपण पाठ टेकीत. बघा, जागा वाढवता येत नव्हती, म्हणून त्या माणसाने घराच्या वेळा बदलल्या, आणि आधी स्वतःची झोप बदलली. "अभ्यास कर रे" म्हणून नुसते ओरडणारे बाप तेव्हाही पुष्कळ असतील. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. रात्रीचे वाचन पुढे जन्मभर सुटले नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या त्या शेवटच्या रात्रीही बाबासाहेबांनी निजण्यापूर्वी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद जवळ मागवून घेतले होते.

दुसरी गोष्ट राहुलची. तथागतांनी पाय धुतले, भांड्यात थोडे पाणी उरवले आणि राहुलला ते दाखवले. मग ते फेकून दिले, भांडे पालथे केले. जाणूनबुजून खोटे बोलायची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण असे थोडेसे, असे फेकलेले, असे पालथे, हे समजावले. थट्टेतसुद्धा खोटे नको म्हणाले. हा उपदेश सम्राट अशोकाला एवढा मोलाचा वाटला, की बैराटच्या शिलालेखात त्याने त्याचा नावानिशी उल्लेख कोरून ठेवला.

आता आपल्या दाराकडे या. दुकानदार उधारी मागायला येतो. बाप आत खाटेवर. पोराला म्हणतो, "जा, सांग बाबा घरी नाहीत." पोरगं हुशार, सांगून येतं. रविवारी तेच पोरगं इथे चौथे शील खणखणीत आवाजात म्हणतं. दोन्ही पाठ त्याचे पक्के. पण उपयोगाला कुठला येतो, ते त्याने घरी बघून ठेवलेले असते.

आणखी एक बोलतो, काही बंधूंना आवडणार नाही. पाणी भरायला मुलगी, भांड्यांना मुलगी, धाकट्याला कडेवर घ्यायला मुलगी. मुलगा जेवतो, ताटातच हात धुतो आणि उठतो. पुढे त्याचे लग्न होते. सून नोकरी करून सात वाजता येते आणि तशीच ओट्याशी उभी राहते, हा टीव्हीपुढे. मग रोजची भांडणे. लोक म्हणतात, त्याचा स्वभावच तसा. स्वभाव कसला? पंधरा-वीस वर्षं दिवसातून दोनदा ताट तिथंच ठेवून उठायचा सराव आहे तो! हिंदू कोड बिल अडवले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. रमाईच्या कष्टांवरची गाणी आपण डोळ्यांत पाणी आणून ऐकतो. मग सहा वर्षांच्या पोराच्या हातात त्याचे ताट द्यायला काय जड जाते? आज रात्रीपासून द्या. आजी रागावेल, "पोरगा आहे तो" म्हणेल. चार दिवस रागावेल.

आता कामाचे. घरे लहान, त्यात टीव्ही आणि मोबाइल. मुलाने बसायचे कुठे? म्हणून हे सभागृह रोज रात्री आठ ते अकरा अभ्यासासाठी उघडे ठेवावे, असे मी पदाधिकाऱ्यांना सुचवतो. वडीलधाऱ्यांनी पाळीपाळीने बसायचे, एकाने एक वार. बसायचे म्हणजे पत्ते कुटत नाही, हातात पुस्तक घेऊन. वाचता येत नसेल त्याने पोरांकडून वाचून घ्यावे, त्यात कमीपणा नाही. मुलींना घरी पोचवायची जबाबदारी त्या दिवशी बसणाऱ्याची.

सोमवार मी घेतो. बाकीच्या सहा वारांची नावे खीरदानानंतर दाराशी ठेवलेल्या वहीत लिहा.

नमो बुद्धाय! जयभीम!