भांडवल जनतेचे, कारखाना डिलोरीअनचा



खासगी उद्योजकाच्या साहसाचे गोडवे गाताना ते साहस कोणाच्या पैशावर झाले, हे सांगण्याचे सहसा टाळले जाते. उत्तर आयर्लंडमधील डिलोरीअन मोटर कंपनीचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

जॉन डिलोरीअन हे अमेरिकेतील जनरल मोटर्सचे उपाध्यक्ष होते. १९७३ साली ते पद सोडून त्यांनी स्वतःची स्पोर्ट्स कार काढण्याचा घाट घातला. स्टेनलेस स्टीलचा पत्रा, पंखांसारखे वर उघडणारे दरवाजे. मोटार डोळ्यांत भरणारी होती यात संशय नाही. नव्हते ते भांडवल. आयर्लंडच्या प्रजासत्ताकाने नकार दिला. अखेर १९७८ साली ब्रिटनच्या मजूर सरकारने, अवघ्या काही आठवड्यांच्या वाटाघाटींनंतर, बेलफास्टलगत डनमरी येथील कारखान्यासाठी पैसा देण्याचे मान्य केले.

सरकारचा हेतू वाईट होता असे म्हणता येणार नाही. कारखान्याची जागा ट्विनब्रुक ही कॅथलिक वस्ती आणि डनमरीची प्रॉटेस्टंट वस्ती यांच्या मधोमध होती. बेकारीने आणि हिंसाचाराने पोळलेल्या त्या भागात दोन्ही समाजांचे सुमारे अडीच हजार कामगार एका छपराखाली काम करू लागले. त्यांतील कित्येकांच्या आयुष्यातील ती पहिलीच नोकरी होती. हे यश लहान नव्हे, आणि ते डिलोरीअन यांचे नव्हे, त्या कामगारांचे होय.

उत्पादन १९८१ साली सुरू झाले. निर्णय मात्र न्यूयॉर्कमधील कचेरीत होत. मोटारीची किंमत पंचवीस हजार डॉलर, अमेरिकेत मंदी, गाड्या विकल्यावाचून पडून. तरीही त्या वर्षाच्या उत्तरार्धात उत्पादन वाढविण्यात आले. गाड्या उन्हापावसात उभ्या राहणार हे जोडणीपट्ट्यावरील माणसाला कदाचित आधी कळले असते, पण त्याला विचारतो कोण? १९८२ च्या जानेवारीत हजाराहून अधिक कामगारांना घरी बसविण्यात आले. थॅचर सरकारने आणखी पैसा नाकारला, फेब्रुवारीत कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली आणि ऑक्टोबरात कारखाना बंद पडला. एकूण मोटारी निघाल्या सुमारे नऊ हजार.

सरकारी मदतच मुळी व्यर्थ, असा निष्कर्ष या प्रकरणातून काढला जातो. तो उथळ आहे. जनतेने सुमारे पावणेआठ कोटी पौंड घातले, धोका पत्करला. परंतु हिशेबावर हुकमत मिळविली नाही. लोटस कंपनीकडून मोटारीचा विकास करून घेण्यासाठी दिलेले सुमारे पावणेदोन कोटी डॉलर पनामात नोंदलेल्या एका कंपनीमार्फत भलतीकडे वळले, हे पुढे उघड झाले. संचालक मंडळावर सरकारचे प्रतिनिधी असूनही ते वेळेवर कळले नाही.

डिलोरीअन यांना ऑक्टोबर १९८२ मध्ये मादक द्रव्यांच्या प्रकरणात अटक झाली. १९८४ साली ते निर्दोष सुटले. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन १९८२ च्या डिसेंबरात वारले. वळविलेल्या पैशाबद्दल तुरुंगात गेले ते लोटसचे हिशेब पाहणारे फ्रेड बुशेल, तेही १९९२ साली, म्हणजे कारखान्याला कुलूप लागून दहा वर्षे झाल्यावर.