स्वर्गाची वाट आणि पंडिता रमाबाई

(इंद्रवेल्ली येथे ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी समारंभात झालेले भाषण)



दानधर्माने स्वर्ग मिळतो, असे अशा प्रसंगी बोलण्याचा प्रघात आहे. परंतु देणगीची पावती संस्था देऊ शकते. स्वर्गाची पावती कोणीही देऊ शकत नाही. मग मनुष्याने सत्कर्म करावे ते कशासाठी? या प्रश्नाचे एक उत्तर मला पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडले. मी मुसलमान शिक्षिका, त्या ख्रिस्ती. आमच्या श्रद्धा एक नाहीत; तरी शेजारच्या दिव्याचा उजेड अंगणात आला तर तो घ्यावा, असे मला वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. आईवडिलांनी त्यांना संस्कृत विद्या दिली. पुढे दुष्काळात दोघांचेही छत्र हरपले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून त्यांचा गौरव केला. विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच वैधव्य आले. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही हकीकत पुष्कळांस ठाऊक असते. पुढची अधिक महत्त्वाची आहे. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी हे निःसंकोचपणे नमूद केले आहे. ग्रंथांचे अध्ययन होते, उपासना होती, पुण्यात शारदासदन चालू होते. तरी देवाशी नाते जुळले नव्हते. ते जुळले तेव्हा त्यांची खात्री पटली की, तारण हे देवाचे दान आहे, आपली कमाई नव्हे.

कोणी म्हणेल, दानच असेल तर कष्ट कशाला? आपल्या मंडलातील केसलापूरकडे पाहा. नागोबासाठी मेश्राम मंडळी दर पौषात गोदावरीचे पाणी पायी चालत जाऊन आणतात. चालल्यामुळे कोणी मेश्राम होत नाही. मेश्राम आहे म्हणून तो चालतो. नाते आधी, चालणे मागून. रमाबाईंचेही तसेच झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अन्नान्नदशा झालेल्या मुलींना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्तिसदन उभे राहिले. उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी सर्व बायबल सोप्या मराठीत आणले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

आम्हां मुसलमानांतही नेक अमलाला, म्हणजे सदाचरणाला, मोठे मोल आहे. तरी जन्नत अखेर अल्लाच्या रहमतीनेच लाभते, असे आम्हांला लहानपणापासून शिकविले जाते.

म्हणून ट्रस्टच्या सभासदांना एकच विनंती. आपल्याकडून वह्यापुस्तके नेणाऱ्या मुलामुलींच्या माना उपकाराच्या ओझ्याने वाकू नयेत. त्यांना देताना आपण स्वर्गाच्या खात्यात काही जमा करीत नाही; आपल्याला जे आधीच मिळाले आहे, त्यातले पुढे पोचवीत आहोत. ही भावना टिकली तर संस्थेचा पुढचा महोत्सवही आजच्यासारखाच आनंदाचा होईल.